ओरखडे माझे, आळ पायलटवर

मी गाडीवरचं कव्हर बोलतोय. हो, तेच ते, चंदेरी रंगाचं, गाडी घरी आली की तिच्या अंगावर टाकतात ते. तुम्हाला वाटलं असेल गाडी बोलेल. गाडीला काय बोलायचंय? तिचं जन्मभर कौतुकच झालंय. बोलायचंय मला, कारण गुन्हा माझा आहे आणि भोगला भलत्यानं.

साफ सांगतो, मला आडवळणानं बोलता येत नाही. शिक्षणाच्या नावानं माझी बोंब. शाळेबद्दल मला एवढंच माहीत की ती सुटली की पोरं अंगावर येतात. राग मला लवकर येतो. तेव्हा मधे बोलू नका, ऐकून घ्या.

जन्म माझा एका पत्र्याच्या शेडमधला. तीन थरांचं कापड. वर चंदेरी, मधे पातळ प्लास्टिक, आत मऊ, लव असलेलं अस्तर. शिवणारा दिवसाला चाळीस कव्हरं शिवायचा आणि एकाचंही तोंड बघायचा नाही. मला त्यानं डाव्या बाजूला वाकडं शिवलं. तेव्हापासून माझा तो कोपरा ओढलेलाच आहे. डोकंही माझं तिथूनच फिरतं, असा माझा संशय आहे.

मग मला घडी घालून, गुडघ्यानं दाबून एका पिशवीत कोंबलं आणि पिशवीवर चिठ्ठी चिकटवली. ऊन, पाऊस, धूळ यांपासून संपूर्ण संरक्षण. मला कुठलं वाचता येतंय, पण दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला ती चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवायचा. दिवसातून दहा वेळा ऐकलं की दगडालाही खरं वाटेल. मलाही वाटलं. म्हटलं, आपल्यासारखा राखणदार दुसरा नाही.

त्या दुकानात एक दिवस दोघं जण आले. एक जाडजूड, कपाळाला आठी. दुसरा उंच, सडपातळ, सारखा हसणारा. पहिला म्हणजे फोरमन, माझा मालक. वर्कशॉपमध्ये लेथवर सव्वीस वर्षं लोखंड कातणारा माणूस. केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक त्याला नुसतं बोट फिरवून कळायची. दुसरा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे पायलट म्हणायचे. विमान नाही, बस चालवायचा.

दोघंही गाडीवेडे. दोघांत मिळून एक सायकल होती, पण गाड्यांची माहिती अख्ख्या शोरूमपेक्षा जास्त. रस्त्याकडे पाठ करून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून कुठली गाडी गेली ते सांगायचे. हरेल त्यानं चहा पाजायचा. असे बारा वर्षं एकमेकांना चहा पाजत बसले होते.

शेवटी फोरमननं गाडी घ्यायची ठरवली. शोरूमला अकरा चकरा झाल्या. बाराव्या चकरेला तिथली पोरगी त्यांना लांबून बघून मागच्या खोलीत जाऊन बसली म्हणे. फोरमन घरून मापं घ्यायच्या पातळ पट्ट्या घेऊन गेला होता. त्या त्यानं दारांच्या फटींत घालून बघितल्या. डाव्या आणि उजव्या दारात कागदाएवढा फरक निघाला. झालं. ती गाडी नापास. दुसरी मागवली. विकणाऱ्या माणसानं कपाळ पुसत पायलटला बाजूला घेऊन विचारलं, की साहेबांचं लग्न जमायला किती वर्षं लागली होती. पायलट म्हणाला, ताईला बघायला आले तेव्हा पट्ट्या नव्हत्या नेल्या, नाहीतर जमलं नसतं.

गाडी घरी आणली त्या दिवशी मी डिकीत होतो. चार किलोमीटरला पाऊण तास लागला. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. एका म्हाताऱ्यानं सायकलवरून ओलांडून जाताना आत वाकून विचारलं, बिघडली का? फोरमननं काच वर केली. त्याचे दात आवळलेले होते.

तिथून पुढे त्या घराला जे लागलं त्याला हौस म्हणायची की आजार, तुम्हीच ठरवा. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक काढायचं नाही. बसताना बूट काढून हातात घ्यायचे. फाटकाच्या खांबाला घरातली जुनी उशी दोरीनं बांधली, दार उघडताना लागू नये म्हणून. आरशांना मोजे घातले. मालकीण म्हणाली, त्या मोज्यांची जोडी मला चांगली आठवते, ती तुमच्या थंडीची होती. फोरमन म्हणाला, मला थंडी वाजली तर मी सांगू शकतो, तिला बोलता येत नाही.

मालकीण दवाखान्याच्या धुलाईत कामाला. दिवसाला चारशे चादरी तिच्या हाताखालून जायच्या. शांत बाई. नवऱ्याच्या गाडीवेडावर बोलायची नाही, फक्त कधीतरी गाडीत बसताना पदर आवरत म्हणायची, की दवाखान्यातसुद्धा इतकी काळजी घेत नाहीत हो माणसाची.

आता माझं काम ऐका, कारण सगळं महाभारत तिथंच आहे.

फोरमन रोज सकाळी मला काढून घडी घालून अंगणाच्या ओट्यावर ठेवायचा आणि गाडी घेऊन वर्कशॉपला जायचा. तिथं गाडी दिवसभर आवारात उभी. आवारात ग्राइंडिंगची यंत्रं, लोखंडाची बारीक भुकटी वाऱ्यावर उडतेय, गाडीवर बसतेय. संध्याकाळी साडेपाचला तो घरी यायचा. नेमकी त्याच वेळेला गल्लीतली पोरं चेंडू घेऊन बाहेर पडायची. मग याची घाई. गाडी थांबली, की उतरला, की मला ओढलं, की झाकली. पुसणं नाही, झटकणं नाही. चार मिनिटांत चारी टोकं बांधून मोकळा. मग ओट्यावर बसून माझ्याकडे असा बघायचा, जसा माणूस बँकेच्या कुलपाकडे बघतो.

आणि वारा आला, की मी फडफडायचो. अंगात येतं मला वारा आला की. वाकड्या कोपऱ्यामुळे डावी बाजू जास्तच. रात्रंदिवस गाडीच्या अंगावर घसट चाललेली. मला वाटायचं, मी तिला थोपटतोय.

रविवारी पायलट यायचा. दोन बादल्या, मऊ फडकी, आणि मनगटावर ते त्याचं मोठं स्टीलचं घड्याळ. गाडी अशी धुवायचा की बघत राहावं. आधी नुसतं पाणी वरून सोडायचा, मग फेस, मग परत पाणी. धुताना गाडीशी बोलायचा. एक दिवस तो म्हणाला, "दाजी, हिला झाकायच्या आधी रोज थोडं पाणी तरी मारत जा."

"तू मारतोस की रविवारी," फोरमन म्हणाला. "रोज आंघोळ घालायला ते काय तान्हं बाळ आहे?"

पायलट हसला आणि चाकं धुवायला लागला. आणि मी, सांगायला लाज वाटते, मनात म्हटलं, हा कोण लागून गेला मला शिकवणारा.

पायलटचं तेव्हा लग्न ठरलेलं होतं. एकोणचाळिसाव्या वर्षी. बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत बसणारी बाई. ती माइकवर बस सुटल्याचं सांगायची, हा ती सोडायचा. सहा वर्षं असं चाललं होतं, मग एकदा तिनं माइक बंद करून याला विचारलं, की तुमचं काय ठरतंय? तर ठरलं. मालकिणीला इतका आनंद झाला की ती दोन दिवस चादरी मोजताना चुकली. आईवडील नव्हते दोघांना, भावाला तिनंच वाढवलेलं.

आणि फोरमन, ज्याच्या गाडीला भाचेकंपनी बोट लावायला घाबरायची, तो जेवताना आपणहून म्हणाला, की नवरी माझ्या गाडीतून घरी येणार. मी स्वतः चालवत आणणार. पायलटचा घास हातातच राहिला. त्यानं विचारलं, दाजी, तिला बूट काढायला लागतील का? फोरमननं खरोखर विचार केला. मग म्हणाला, त्या दिवशी नको.

हे झालं आणि आठच दिवसांनी ते ओरखडे दिसले.

सकाळची वेळ, ऊन तिरपं आलेलं. फोरमननं मला उचललं आणि तिथंच थांबला. बॉनेटवर, टपाच्या कडेला, दारांच्या कोपऱ्यांवर गोल गोल बारीक रेघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या. तुम्हाआम्हाला दिसल्या नसत्या. त्याला दिसल्या. त्यानं बोट फिरवलं. परत फिरवलं. घरातून भिंग आणलं. त्या दिवशी तो न जेवता कामाला गेला.

संध्याकाळी येताना तो एका म्हाताऱ्या पेंटरकडे गाडी दाखवून आला. चाळीस वर्षं गाड्या रंगवलेला माणूस. म्हाताऱ्यानं चष्मा वर करून बघितलं आणि सांगितलं, की धूळ असताना कुणीतरी हिच्यावर कोरडं फडकं फिरवतंय, रोजच्या रोज. बाकी काही नाही. म्हातारा अगदी खरं बोलला होता. पण खरं अर्धंच कळलं की माणूस उरलेलं अर्धं आपल्या अकलेनं भरतो. फोरमननं भरलं. गाडीला फडकं लावणारा जगात एकच माणूस होता.

रविवारी पायलट बादल्या घेऊन आला. फोरमन फाटकातच उभा.

"घड्याळ काढून धुतोस का रे गाडी?"

पायलटला वाटलं चेष्टा चाललीय. म्हणाला, नाही, वेळ बघून धुतो.

"मग हे बघ." फोरमननं मला एका झटक्यात ओढून काढलं. "दोन महिन्यांत नवीन गाडीचं वाटोळं केलंस. त्या बसवर हात चालतो तसाच इथं चालवलास. तुला गाडी चालवता येते, ठेवता येत नाही. ठेवायला आधी स्वतःची असावी लागते."

शेवटचं वाक्य त्याला बोलायचं नव्हतं. मी जवळून बघत होतो. तोंडातून सुटलं आणि त्याचाच चेहरा पडला. पण हा माणूस माझ्यासारखाच. एकदा डोकं फिरलं की मागे गिअर पडत नाही.

पायलटनं गाडीकडे बघितलं. हसू त्याच्या तोंडावर तसंच अडकून राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. मग त्यानं बादल्यांतलं पाणी झाडाला घातलं. फाटकाची जादा किल्ली त्याच्याकडे असायची, ती खिशातून काढून ओट्यावर ठेवली.

"दाजी, मी दिवसाला तीनशे माणसं नेतो आणतो. आजवर कुणाला खरचटलं नाही," तो म्हणाला. "लग्नाला गाडी नको. मी बस घेऊन येईन."

आणि गेला.

मालकीण दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमननं गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं, तर ती शेजारून निघून गेली. पायी. दवाखाना दोन किलोमीटर.

मग रोज तो तमाशा. ती फुटपाथवरून चालतेय, आणि हा गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, काच अर्धी खाली करून तिच्या बाजूनं सरकतोय. आत बसून काहीतरी समजावतोय. ती समोर बघून चालतेय. गल्लीतल्या बायका खिडक्यांत. मला हे शेजारच्या कुत्र्यानं सांगितलं असं म्हणू का? नाही. फोरमन स्वतःच संध्याकाळी मला बांधताना पुटपुटायचा, की आज तिनं मान तरी वळवली, आज तेही नाही. बोलायला घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं त्याला.

तिनं त्याला एकदाच सांगितलं. लग्नाला मी सख्खी बहीण म्हणून पहिल्या पंगतीला असणार. तुम्हाला यायचं तर या. पण माझ्या भावाचं नाव धुऊन निघाल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवायची नाही. पंधरा दिवस उरले होते लग्नाला.

आता गंमत बघा. पायलट यायचा बंद झाला, पण ओरखडे थांबले का? उलट वाढले. धुणारच कुणी नाही म्हटल्यावर वाढणारच. फोरमनला झोप येईना. मग त्याला मांजराचा संशय आला. मग चेंडूवाल्या पोरांचा. एक दिवस कामावर दांडी मारून, गाडी घरीच ठेवून, तो वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन अंगणात स्टुलावर बसला. सकाळपासून दुपारपर्यंत. मांजर आलं, त्याच्याकडे बघून जांभई दिली आणि गेलं. पोरांनी लांबून विचारलं, काका, स्टूल विकायला काढलंय का?

संध्याकाळी त्यानं मला आणखी घट्ट बांधलं. पोटावरून जाड दोरी आवळली. जितका घट्ट, तितका मी जास्त घासणार, हे ना त्याला कळलं, ना मला. माझी तर छाती फुगली होती. म्हटलं, सगळे दगाबाज निघाले, शेवटी मीच एक खरा.

लग्नाला चार दिवस राहिले. मालकिणीनं घरातलं झाडून सगळं धुवायला काढलं होतं. पडदे, चादरी, पायपुसणी. मी ओट्यावर घडी होऊन पडलो होतो, पाठीवर चिमण्यांची कृपा. तिनं मलाही उचललं. उलटं केलं, आणि अस्तरावर हात ठेवला.

तिचा हात थांबला.

वीस वर्षं चादरी धुतलेला हात तो. डोळे मिटूनही सांगेल कापडात काय आहे. तिनं तळवा अस्तरावरून मागे पुढे फिरवला, मग बोटं उन्हात धरून बघितली. मला पाण्यात टाकलं नाही. तशीच परत घडी घातली आणि गुपचूप कामाला लागली. मला वाटलं बाईला कंटाळा आला.

साडेपाचला फोरमन आला. नेहमीसारखा घाईनं माझ्याकडे वळला, तर तिनं मला आपल्या मांडीवर ओढून घेतलं. भावाच्या संसारासाठी तिनं नवी ताटं आणली होती, चकचकीत, तोंड दिसेल अशी. त्यातलं एक तिनं समोर घेतलं, माझं अस्तर हाताला गुंडाळलं, आणि ताटाच्या पाठीवर गोल गोल घासलं. दहा वेळा. फार जोर न लावता. मग ताट उन्हाकडे धरलं.

कोळ्याची जाळी.

"आता सांगा," ती म्हणाली. "माझ्या भावाचा हात यात कुठं होता?"

तो खाली बसला. त्यानं माझं अस्तर चिमटीत धरून चोळलं. चिमटीत करडी भुकटी आली. त्यानं ती हुंगली. लोखंड. त्याच्याच वर्कशॉपचं. लवेच्या मुळाशी घट्ट बसलेलं, तीन महिन्यांचं. रोज अंगावर ती घेऊन गाडी घरी यायची, रोज तो वरून मला टाकायचा, आणि वारा माझा हात धरून घासायचा.

विचार करा. हा माणूस सव्वीस वर्षं हातात पॉलिश पेपर घेऊन लोखंड घासतोय. वाळूचा एक कण कापडाला लागला तर काय होतं, हे दुसऱ्याला शिकवतो. आणि त्यानं स्वतःच्या गाडीसाठी गाडीएवढाच पॉलिश पेपर तयार करून तिला पांघरला होता.

तो पॉलिश पेपर मी.

माझं काय झालं ते विचारू नका. मला कुणी फाडलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. तीन महिने ज्याला मी थोपटणं म्हणत होतो, ते हे. आणि ज्या माणसानं एका वाक्यात खरा उपाय सांगितला होता, त्याला मी मनात शिव्या घातल्या होत्या.

फोरमननं मला एक लाथ मारली. मी म्हटलं, हक्क आहे. मग तो त्या ताटाकडे बघत अंधार पडेपर्यंत बसून राहिला. पोरं चेंडू खेळत होती. चेंडू दोनदा उघड्या गाडीखाली गेला. त्यानं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला काखेत मारलं आणि निघाला. पायी. बस डेपो लांब होता, बसस्टँडला लागूनच. वाटेत तो बोलायची तयारी करत होता, मी ऐकत होतो. हे बघ, झालं ते झालं. नाही. हे बघ, चुकतो माणूस. नाही. हे बघ. असं हे बघ, हे बघ करत डेपो आला.

पायलट बसच्या चाकाला हातोडी मारून आवाज ऐकत होता. बाजूला पाचसहा ड्रायव्हर चहा पीत उभे. याला बघून तो ताठ झाला. फोरमनची सगळी तयारी कुठल्या कुठे गेली. त्यानं मला सगळ्यांसमोर जमिनीवर उलटं पसरलं, अस्तर वर.

"हा घे," तो म्हणाला. "चोर सापडला."

पायलट उकिडवा बसला. त्यानं अस्तरावर हात फिरवला, बोटं बघितली. त्याला कळायला एक क्षण पुरला. पण तो लगेच उठला नाही.

"हा आपला आपण जाऊन बसला होता का गाडीवर?" त्यानं खालीच बघत विचारलं.

"नाही."

"मग?"

चहा पिणाऱ्यांचे कान इकडे. एकानं तर कप तोंडाशी तसाच धरलेला. फोरमनच्या मानेची शीर मला खालून दिसत होती.

"मी टाकला," तो म्हणाला. "रोज. न पुसता. तू सांगितलं होतंस तरी." मग आवाज खाली आणून, "आणि ते स्वतःची गाडी असण्याचं जे बोललो, ते या भुकटीपेक्षा वाईट होतं. ते मला धुता येत नाही."

मला वाटलं आता पायलट बोलेल, बघा, मी म्हणत होतो. चांगली संधी होती. माझ्यासारखा असता तर सोडली नसती. तो नाही बोलला. त्यानं मला उचललं, नीट घडी घातली, डावा कोपरा ओढ देतो म्हणून तो आधी दुमडला. तेवढ्यात वरून स्पीकरवर बाईचा आवाज आला, की सव्वानऊची गाडी अजून जागेवरच का उभी आहे. अख्खा डेपो हसला. कोण बोलतंय ते सगळ्यांना माहीत होतं.

"चला दाजी," पायलट म्हणाला. "तुम्हाला वर्कशॉपला सोडतो. वाटेवरच आहे."

दोघं आणि मी बसमध्ये चढलो. मी फोरमनच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, या गाठोड्याचं काय? फोरमन म्हणाला, "त्याचं पूर्ण तिकीट काढ. आरोपी आहे." आणि आरशातून पायलट हसताना दिसला, तेव्हा त्या जाडजूड माणसानं खिडकीबाहेर तोंड वळवलं आणि स्टॉप येईपर्यंत तसंच ठेवलं.

उतरताना तो मला सीटवर विसरला. की ठेवून गेला, देव जाणे.

लग्न मी पाहिलं नाही, ऐकलं. पायलट मला घरी घेऊन गेला होता आणि मी त्याच्या अंगणात दोरीवर वाळत होतो. त्यानं मला सात पाण्यांतून काढलं. पहिल्या पाण्याचा रंग बघून मला स्वतःची किळस आली. तेवढ्यात गल्लीत हॉर्न वाजला आणि ती आली. ओरखड्यांसकट, उन्हात, उघडी. आरशांना मोजे नाहीत. सीटचं प्लास्टिक फोरमननं आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं ओरबाडून काढलेलं. पुढे फोरमन, शेजारी मालकीण, मागे नवरानवरी आणि त्यांच्या मांडीवर तीन पोरं, कुणाचंच नातं कुणाला सांगता येत नव्हतं. उतरताना नवरीची बांगडी दाराला घासली. चांगला आवाज आला. सगळ्यांनी फोरमनकडे बघितलं. त्याचे डोळे एकदा तिकडे गेले आणि तो नवरीला म्हणाला, "सावकाश, हाताला लागलं नाही ना?"

मालकीण तेव्हा नवऱ्याकडे बघून हसली. महिनाभरानं.

आता मी इथंच असतो, पायलटच्या गच्चीवर. चार खांबांना बांधून त्यानं माझं छत केलंय. खाली खाट आहे. अस्तर खालच्या बाजूला, त्याला कुणी लागत नाही, मी कुणाला लागत नाही. बरं चाललंय.

मागच्या आठवड्यात फोरमन वर आला होता. खाटेवर आडवा पडून बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, कापड मात्र चांगलं होतं रे.

"घेऊन जा दाजी," पायलट म्हणाला. "आता स्वच्छ आहे. पुसून टाकलंत तर काही होणार नाही."

फोरमन उठून कठड्याशी गेला. खाली गाडी उभी होती, चार दिवसांची धूळ अंगावर, आणि कुण्या पोरानं काचेवर बोटानं नाक डोळे काढलेले. 

"नको," तो म्हणाला. "ही मळलेली बरी. तुला यायला निमित्त राहतं."

तेव्हा ऐका. गाडी घ्या, हौस करा, मोजे घाला, उशा बांधा, मी कोण तुम्हाला अडवणार. फक्त झाकायच्या आधी पुसा. आणि कुणा माणसाला बोल लावायची फारच घाई झाली, तर आधी तुमच्या घरात माझ्यासारखा जो कुणी राखणदार म्हणून मिरवतोय, त्याला उलटा करून आतून हात फिरवा.

बस झालं. आलो मी. खालून पायलटची बायको ओरडतेय, की त्या छताची सावली माझ्या वाळवणावर पडतेय, ते जरा बाजूला घ्या. तिला माइक लागत नाही. सरकायला पाहिजे.